तुळईवर तोललेला रणगाडा

महामार्गावरून लष्कराचा ताफा जाऊ लागला आणि त्यात ट्रेलरवर चढवलेला रणगाडा दिसला, की बघणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "बिघडलेला दिसतोय, नाहीतर स्वतःच चालत गेला नसता का?" बिघडलेले रणगाडे असे नेले जातात हे खरे, पण धडधाकट रणगाडेही रस्त्याने लांबच्या प्रवासाला सहसा ट्रेलरवरूनच जातात. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी शर्मन रणगाड्याच्या दोन पट्ट्यांत मिळून दीडशेहून अधिक दुवे असत. पक्क्या रस्त्यावर काहीशे किलोमीटर चालवले, की प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीचे रबर झिजते, पट्टा सैल होतो आणि लढाईच्या जागी पोहोचण्याआधीच दुरुस्तीची वेळ येते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एखाद्या पट्ट्याजवळ वाकून त्याचे सांधे मोजून पाहावेत, म्हणजे ही झीज कुठे कुठे होत असेल याचा अंदाज येतो.

दुसरा गैरसमज याहून पक्का आहे. रणगाडा जड असल्यामुळे तो जमीन फार दाबतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शर्मनचे तीस टन वजन रुंद पट्ट्यांवर पसरलेले असल्यामुळे जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच भरतो, म्हणजे साध्या मोटारीच्या टायरखालील दाबापेक्षाही कमी. हाच रणगाडा ट्रेलरवर चढवला, की पट्ट्यांची ऐसपैस जागा जाते आणि सगळा भार तळहाताएवढ्या नाही, पण परातीएवढ्या काही ठिपक्यांवर येतो. टायर जमिनीला जिथे टेकतो, तेवढाच तो ठिपका. म्हणून अशा ट्रेलरना चाके पुष्कळ लावतात. दुसऱ्या महायुद्धातील डायमंड टी या अमेरिकी ट्रकमागे जोडल्या जाणाऱ्या एम-९ ट्रेलरला २४ टायर होते, तर आजच्या अमेरिकी एम-१००० ट्रेलरला ४० आहेत.

चाके वाढवली म्हणजे भार आपोआप वाटला जातो, असे मात्र नाही, आणि माझ्या मते या वाहनांची सगळी गंमत इथेच आहे. चार पायांचे टेबल ओबडधोबड फरशीवर ठेवले, तर ते तीन पायांवर उभे राहते आणि चौथा पाय लटकतो. चोवीस चाकांचा ताठ सांगाडा खडकाळ वाटेवर नेला, तर नेमके हेच होईल. बरीच चाके नावापुरती टेकतील आणि दोन-तीन बिचारी चाके सगळ्यांचा भार वाहतील. आपल्याकडे ट्रकच्या बंपरला लिंबू-मिरची टांगलेली असते. पण ॲक्सल मोडतो तो कोणाची दृष्ट लागून नव्हे, एका चाकावर भलताच भार एकवटल्यामुळे मोडतो, आणि त्यावर उतारा शोधायचा तर तो तरफेच्या नियमातच सापडतो.

हा उतारा एम-२६ या अमेरिकी ट्रकमध्ये फार सुबकपणे वापरलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या नकी कंपनीने आखलेला आणि वॉशिंग्टन राज्यातील पॅसिफिक कार अँड फाउंड्री कंपनीने बांधलेला हा चिलखती ट्रक १९४३ पासून बाहेर पडू लागला. त्याच्यामागे एम-१५ ट्रेलर जोडला, की तयार होणाऱ्या जोडीला एम-२५ म्हणत. प्रतिकृती बनवणाऱ्यांमध्ये ती 'ड्रॅगन वॅगन' या नावाने प्रसिद्ध आहे. ट्रकच्या मागच्या भागात प्रत्येक बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारी एक आडवी तुळई असते आणि ती मधोमध एका आसावर झुलते. मुलांच्या सी-सॉसारखीच ही रचना आहे. दोन्ही भुजा सारख्या असल्यामुळे दोन्ही टोकांवरचा भार सारखाच राहतो, मग एक चाक खड्ड्यात असो वा दगडावर. शिवाय एक चाक २० सेंटिमीटर उंचावले, तर मधला आस, आणि त्याच्यासोबत सांगाडा, फक्त १० सेंटिमीटर उचलला जातो. म्हणजे खाचखळगे निम्म्याने कमी झाले आणि त्यासाठी एकही स्प्रिंग लागली नाही.

चाकांना शक्ती मिळते ती साखळीने, आणि साखळीची खोड ही की तिला अंतर बदललेले चालत नाही. मोटारसायकलचे मागचे चाक वरखाली होते तेव्हा दोन दातेरी चकत्यांमधले अंतर किंचित बदलते, म्हणून तर मेकॅनिक चेन थोडी सैल ठेवायला सांगतो. इथे तुळई ज्या आसाभोवती झुलते, त्याच आसावर साखळी फिरवणारी चकती बसवलेली आहे. त्यामुळे चाक कितीही वरखाली झाले तरी ते त्या आसाभोवतीच्या वर्तुळावरच फिरते, आणि वर्तुळाची त्रिज्या बदलत नसल्यामुळे साखळी ना ताणली जाते ना सैल पडते. एक बारकावा मात्र उरतो. ट्रक जोर लावून ओढू लागला, की जमीन चाकांना पुढे ढकलते आणि हे बल आसाच्या खालून लागत असल्यामुळे तुळईला फिरवू पाहते. साखळी याच्या उलट दिशेने फिरवू पाहते, पण चाकाची चकती मोठी असली तर साखळीची बाजू कमी पडते आणि उरलेला पीळ मागच्या चाकावर थोडा जास्त भार टाकतो. समान वाटप उभ्या गाडीत काटेकोर असते, ओढणाऱ्या गाडीत जवळपास.

अश्वशक्तीच्या आकड्यांनी दिपून जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की या ट्रकच्या इंजिनाची शक्ती २४० अश्वशक्ती होती आणि ट्रक, ट्रेलर व शर्मन मिळून वजन ७० टनांच्या आसपास जाई. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरून मी ढोबळ हिशोब केला, तर वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास येतो. सायकलस्वार त्याच्या बरोबरीने गप्पा मारत जाऊ शकेल.

आता टेबलावरच्या प्रतिकृतीकडे येऊ. जपानच्या तामिया कंपनीने या जोडीचा, सुटे भाग जोडून बनवायचा १:३५ प्रमाणाचा संच काढला आहे. हे ३५ कुठून आले, याची कथा मजेशीर आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीने विजेच्या मोटरवर चालणारी, पँथर या जर्मन रणगाड्याची प्रतिकृती काढली, तेव्हा आत बॅटऱ्या मावतील एवढा आकार घेतला, आणि तो आकार खऱ्याच्या साधारण पस्तिसावा भाग निघाला. जगभरातले शौकीन आज तेच प्रमाण पाळतात.

लांबी पस्तीस पटींनी घटली, की क्षेत्रफळ १,२२५ पटींनी आणि घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. तीस टनांचा शर्मन त्याच धातूंत तंतोतंत लहान केला तर जेमतेम ७०० ग्रॅम भरेल, आणि प्लास्टिकचा त्याहून बराच हलका. भार घनफळाप्रमाणे आणि तो पेलणारी जागा क्षेत्रफळाप्रमाणे घटत असल्यामुळे टायरखालचा दाब पस्तिसाव्या हिश्श्याहूनही कमी होतो. म्हणूनच प्रतिकृतीचे टायर गोल गरगरीत राहतात, भाराखाली बसत नाहीत, आणि रंगकाम कितीही सुरेख असले तरी ट्रेलर रिकामा वाटतो. जाणकार मंडळी टायरचा तळ कानशीने किंचित घासून सपाट करतात, किंवा खाली दबलेले, बाजूंनी फुगलेले रेझिनचे टायर वेगळे विकत घेतात.

तुळई मात्र मी गोंदाने चिकटवत नाही. एका चाकाखाली सहा मिलिमीटरचा खडा ठेवला, म्हणजे खऱ्या मापात वीतभर उंचीचा दगड झाला, की मधला आस तीन मिलिमीटर वर येतो आणि चारही चाकजोड्या टेकलेल्या राहतात.