रविवारी गाडी उघडायच्या आधी
(चिपळूणच्या आमच्या दुचाकी गॅरेजच्या आणि स्पेअर पार्टच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी)

सोमवारी सकाळी शटर वर करताना दारात दोन-तीन गाड्या हमखास उभ्या असतात. एकीची चेन कडकड वाजते, एकीचा इंडिकेटर लावला की हॉर्न कण्हतो, आणि तिसरीच्या मालकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत चार बोल्ट. "हे उरले," असं ते जरा ओशाळून सांगतात. ओशाळायचं काही कारण नाही. आम्हीही असेच उरलेले बोल्ट मोजत शिकलो. खंडेनवमीला पाना-पक्कड पुजायची आणि वर्षभर त्याला हात लावायचा नाही, असं आम्हाला कुणाला सांगायचं नाही.

पण घरच्या कामातून आमच्याकडे मोठ्या खर्चाचं जे काही येतं, ते बहुतेक दोनच गोष्टींचं असतं: मेलेले आटे (बोल्ट धरून ठेवणाऱ्या चक्री खाचा) आणि कापलेल्या वायरी. बाकी चुका दहा मिनिटांत निस्तरतात. म्हणून या पत्रकात त्या दोघांना जास्त जागा दिली आहे, बाकीचं धावतं.

आटे

इंजिनची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट पोलादी. दोघांच्या भांडणात कोण हरणार ते उघड आहे.

ऑइल बदलणं हे घरी करायचं पहिलं काम, आणि आटे जायची पहिली जागाही तीच. गाडी पाच मिनिटं चालवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन उतरेल. डबल स्टँडवर लावा. खालचा ड्रेन बोल्ट, बऱ्याच १०० सीसी गाड्यांना तो सतरा नंबरचा असतो, रिंग पान्याने सोडवा. फिक्स पाना नको, कडा घसरतात. ऑइल पूर्ण निथळू द्या, तोवर चहा घ्या. मग बोल्ट पुसून, त्याला नवा वायसर घालून, आधी फक्त बोटांनी लावा. चार-पाच आटे बोटांनी सहज गेले पाहिजेत. पहिल्या दुसऱ्या आट्यालाच पाना घ्यावासा वाटला तर बोल्ट वाकडा शिरतोय. काढा, पुसा, पुन्हा लावा.

आता किती आवळायचा? छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा दिसतो. हाताच्या भाषेत सांगायचं तर वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला बारा-तेरा किलोचा जोर. बस्स. "ऑइल गळू नये म्हणून" पान्याला पाइप घालून अर्धा मीटर केलात की तोच हात अडीच पट जोर लावतो आणि त्या क्षणी बोल्ट एकदम लोण्यासारखा हलका फिरतो. तो हलकेपणा म्हणजे आटे गेले. मग भोक मोठं करून नवे आटे पाडायचे नाहीतर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवायची, आणि पंचवीस रुपयांच्या वायसरचं काम कुठल्या कुठे जातं. गळतं ते बहुधा जुना चेपलेला वायसर पुन्हा वापरल्यामुळे. दर वेळी नवा घाला.

ऑइल कुठलं, हे गाडीच्या पुस्तकात बघा. कुठे १०डब्ल्यू-३०, कुठे २०डब्ल्यू-४०, बुलेटवाल्यांना १५डब्ल्यू-५०. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे डब्यावर जासो (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं असावं. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घरच्या कारचं उरलेलं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो, आणि कुंभार्ली घाट चढताना इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही. हे आमच्याकडे वर्षातून एकदा तरी येतंच.

स्पार्क प्लगच्या आट्यांचीही तीच गोष्ट. इंजिन थंड असताना काढा, गरम हेडमधून ओढून काढू नका. लावताना एक युक्ती: पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवा आणि नळीने फिरवत प्लग आत न्या. वाकडा शिरला तर नळी घसरेल, आट्यांना धक्का लागणार नाही. आमच्याकडे नवीन पोरगा आला की महिनाभर प्लग नळीनेच लावतो. नवा प्लग असेल तर हाताने बसल्यावर पान्याने अर्धा फेरा, जुना असेल तर त्याहूनही कमी.

टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर आमच्याकडून शनिवारी न्या, सोमवारी आणून द्या. डिपॉझिट ठेवावं लागतं, भाडं नाही.

वायरी

मोबाइल चार्जर, फॉगलाइट, दुहेरी हॉर्न. कोकणात धुकं आहे, वळणं आहेत, गणपतीला मुंबईहून रात्रभर गाडी मारत येणारे चाकरमानी आहेत. या गोष्टी चैनीच्या नाहीत हे आम्हाला मान्य आहे. तक्रार आहे ती जोडण्याच्या पद्धतीबद्दल. ब्लेडने वायर सोलायची, दुसरी तिच्याभोवती पिळायची, वर काळी टेप. उन्हाळ्यात हे चालतं. जूनमध्ये टेपचा गोंद सुटतो, आत पाणी जातं, आणि ऑगस्टमध्ये तुम्ही टेप सोडवता तेव्हा तांब्याच्या जागी हिरवी पावडर असते.

एक गाडी आठवते. चार्जर टेललाइटच्या वायरीवर जोडलेला, फ्यूज दोनदा उडाला म्हणून मालकाने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. फ्यूज उडायचा थांबला, त्याऐवजी सीटखालची वायरिंग वितळली. फ्यूज उडतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. १० अँपिअरचा उडतोय म्हणून २० चा घालणं हा त्या चांदीचाच सभ्य प्रकार.

करायचं असेल तर असं करा. आधी बॅटरीची मायनस काढा, नंतर प्लस. लावताना उलट, प्लस आधी. हा क्रम पाळला तर पाना चुकून चेसिसला लागला तरी ठिणगी उडत नाही. जादा लाइटसाठी बाजारात मिळणारा चार पायांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीची प्लस, मध्ये फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. ८७ वरून लाइटला. ८५ बॉडीला. ८६ ला तुमच्या नव्या स्विचमधून आलेली, किल्ली चालू केल्यावरच जिवंत होणारी वायर. अशाने लाइटचा जड करंट गाडीच्या मूळ वायरीतून जातच नाही आणि किल्ली काढली की सगळं बंद. जोड क्रिंप करा (पकडीने दाबून बसवा) किंवा डाग लावा, त्यावर हीट-श्रिंक नळी चढवून लायटरने आवळा. मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कुठेही कापू नका. वायर न कापता जोडायचे तयार कपलर मिळतात, गाडीचा नमुना सांगा.

जुन्या १०० सीसी गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या (इंजिनसोबत फिरून वीज करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. रेस केली की उजेड वाढतो आणि स्लो झाली की मिणमिणतो, ती ही जात. हेडलाइटच्या वायरीवरून रिले चालवायला गेलात तर तो फडफडत बसेल. तिथे किल्लीचीच वायर घ्या.

हेडलाइटला ३५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर खातो. १०० वॉटचा घातला की ८ च्या वर. स्विच, वायर आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर तीन अँपिअरच्या हिशोबाने बनवलेले आहेत. आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर वळणावर त्याची गाडी तुमच्याच अंगावर येणार आहे.

चार्जरचा आणखी एक हिशोब, कारण "बॅटरी नवीन आहे तरी सेल्फ मारत नाही" हे रोजचं गाऱ्हाणं. चार्जर बॅटरीला थेट जोडलेला असेल तर फोन लावलेला नसतानाही तो थोडा करंट पीत राहतो. समजा फक्त १० मिलिअँपिअर. तुमची बॅटरी ३ अँपिअर-अवरची. ३ भागिले ०.०१ म्हणजे ३०० तास, साडेबारा दिवस. गाडी अंगणात ठेवून पंधरा दिवस मुंबईला गेलात, परत आलात, बॅटरी मेलेली. दोष बॅटरीचा नाही. स्वस्तातला मल्टीमीटर घरी ठेवा: गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू करून रेस केल्यावर आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवा. येत नसेल तर नवी बॅटरी विकत घेऊ नका. आम्ही विकतो तरी सांगतोय.

चेन

आपल्याकडचा पाऊस आणि तांबडी माती मिळून चेन खातात. पावसात दर पाचशे किलोमीटरला पुसून ९० नंबरचं गियर ऑइल किंवा चेन स्प्रे. धुवायला डिझेल किंवा रॉकेल. पेट्रोल नको, आणि ओ-रिंगवाल्या चेनला तारेचा ब्रशही नको, रबराच्या कड्या फाटतात.

ढिलाई चेनच्या खालच्या बाजूला मध्यावर पट्टी धरून मोजा. छोट्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर वर-खाली खेळ असतो, नेमका आकडा पुस्तकात. पूर्ण चेनकव्हर असेल तर रबरी बूच काढून आत बोट घालून बघता येतं. आवळताना आधी अ‍ॅक्सलचा नट सैल, मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फेरे, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे जुळवून. चाक मागे सरकलं की मागचा ड्रमब्रेक आपोआप आवळला जातो, हे नव्वद टक्के लोक विसरतात. ब्रेकचा नट पुन्हा लावून चाक हाताने मोकळं फिरतंय ना ते बघा, ब्रेकलाइटही बघा. चेन ताणून घट्ट केलेली चांगली, असं काही नसतं. मागे माणूस बसला की ती आणखी ताणते आणि बेअरिंग खराब होतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कारणाने नको. डबल स्टँडवर गाडी गियरमध्ये चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं लावणं. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्याच्यामागून बोट. चाक हाताने फिरवा.

बाकीचं थोडक्यात

एअर फिल्टर फोमचा असेल तर धुऊन, ऑइल लावून, पिळून परत बसतो. तेलकट कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, बदलायचाच. टायरवर चार आकडी अंक असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेलमधला "नवा" टायर घेताना तेवढं वाचा. जाड टायरने गाडी भारदस्त दिसते खरी, पण चेनकव्हरला घासते आणि वळताना जड होते. डिस्क ब्रेकचं कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही, आणि ब्रेक ऑइल टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

बीएस-६ (प्रदूषणाचा नवा नियम), म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या, बहुतेक इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या आहेत. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. सायलेन्सर बदलला की मीटरवर पिवळा दिवा येतो आणि मग तो "काढून टाका" म्हणून गाडी आमच्याकडे येते. सायलेन्सर मूळचा आणा, दिवा जाईल.

कायद्याचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत बदललेल्या १८२ए कलमात, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला वेगळं कलम, त्यात पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आम्ही ते सायलेन्सर ठेवत नाही, बसवतही नाही. (दुकानाला लागून आमचंच घर आहे, हेही कारण आहे.) एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत इंजिन चालू की हेडलाइट चालू अशी रचना आहे, तिथे "बंद करायचा स्विच लावून द्या" म्हणू नका.

साडीगार्डही काढू नका. मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारी जाळी आणि बसणाऱ्याला धरायला दांडी, दोन्ही नियम १२३ प्रमाणे लागतात. रविवारी काढलेलं साडीगार्ड माळ्यावर जातं आणि सोमवारी आई बाजारात मागे बसून येते, तेव्हा पदर कुठे जाणार?

गाडी पाण्यात गेली तर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचं गॅरेजही बुडालं. नंतरचे दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. त्यात वाचलेल्या गाड्या बहुतेक त्यांच्या, ज्यांनी घाईने किक मारली नाही. पाणी दाबलं जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकू शकतो. गाडी बुडाली असेल तर किल्ली लावू नका, बॅटरी सोडवा, प्लग काढा. प्लग काढलेला असताना किक हळू हाताने दाबली की आतलं पाणी भोकातून बाहेर येतं. ऑइल काढा, दुधाच्या चहासारखं निघालं तर त्यात पाणी आहे. नवं घालून थोडं चालवून पुन्हा बदला, रंग साफ येईपर्यंत, दोनदा तरी. पेट्रोलची टाकी रिकामी करा, फिल्टर नवा. इंजेक्शनच्या गाडीचे कपलर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) घरी वाळवत बसू नका, ढकलत आणा.

पार्ट घ्यायला येताना जुना पार्ट सोबत आणा. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलचे लायनर वेगळे निघतात आणि फोटोवरून ते कळत नाही. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, ते थेट वाशिष्ठीत जातं. बाटलीत भरून दुकानाबाहेरच्या निळ्या पिंपात ओता. रविवारी दुकान बंद असलं तरी पिंप बाहेरच असतं. उरलेले बोल्ट पिशवीतून आणा, कुठले कुठे लागतात ते आम्ही सांगू.