पुरावा कोणी द्यायचा? मतदारयादीच्या वादाची पार्श्वभूमी

२०२५ मध्ये मतदारयादीवरून दोन तक्रारी एकाच वेळी गाजल्या आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. बिहारमध्ये खऱ्या मतदारांची नावे वगळली जात असल्याचा आरोप होता, तर महाराष्ट्रात यादीत खोटी आणि दुबार नावे घुसवल्याचा. पहिल्या तक्रारीकडे मतदानाच्या हक्काचा प्रश्न म्हणून पाहिले गेले आणि दुसरीकडे निवडणुकीतील गैरप्रकाराचा. मात्र एखादे नाव खरे की खोटे हे सिद्ध करण्याचा भार नागरिकाने उचलायचा की शासनाने, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे आणि त्याचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलले आहे.

ब्रिटिश अमलात मताधिकार मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांवर अवलंबून असल्यामुळे आपली पात्रता दाखवणे हे मतदाराचेच काम असे. प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद ३२६ने ही रीत मोडली. त्याआधीच, संविधान तयार होत असताना, १९४८ पासून संविधान सभेच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकाराच्या आधारे याद्या करण्याचे काम सुरू केले होते. कर्मचारी घरोघरी जाऊन नावे लिहून घेत. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांकडे वास्तव्याचा पुरावा असण्याची शक्यताच नव्हती, म्हणून येथे कायम राहण्याचा इरादा असल्याचे त्यांचे निवेदन नोंदणीसाठी पुरेसे मानण्यात आले. ज्या काळात नागरिकत्वाचा कायदाही झालेला नव्हता आणि सीमेवरून लोकांचे लोंढे येत होते, त्या काळातील हा निर्णय मला आजही थक्क करतो.

पहिल्या यादीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. तिच्यातही मोठे वगळणे झालेच. उत्तर आणि मध्य भारतात अनेक स्त्रियांची नोंद ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशी झाली होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचे नाव सांगितल्याशिवाय नोंद ग्राह्य धरण्यास नकार दिला. बिहारमध्ये त्यासाठी मुदत वाढवून देण्यात आली, तरीही सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणींची नावे अखेर यादीतून गेली. स्त्रीला स्वतंत्र मतदार म्हणून ओळख मिळावी हा सेन यांचा हेतू मला योग्य वाटतो. मात्र त्याची किंमत त्या निवडणुकीत त्या स्त्रियांनीच मोजली, हेही विसरता येत नाही.

पुढच्या काळात गैरप्रकाराची चर्चा यादीपेक्षा मतदान केंद्राभोवती अधिक फिरली. तोतया मतदान रोखण्यासाठी बोटावरची शाई पहिल्या निवडणुकीपासून होती; परंतु केंद्रच ताब्यात घेणाऱ्या टोळ्यांपुढे शाई निरुपयोगी ठरे. १९८९च्या दुरुस्तीने केंद्र बळकावणे हा कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला. १९९३ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी छायाचित्र असलेल्या मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला आणि ओळखपत्रे दिली नाहीत तर निवडणुकाच घेणार नाही, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयात प्रश्न गेल्यावर, केवळ ओळखपत्र नाही म्हणून मताचा हक्क रोखता येणार नाही, हे स्पष्ट झाले.

याच सुमारास यादीवरील संशयाला नागरिकत्वाच्या प्रश्नाची धार आली. तिची सुरुवात आसाममध्ये झाली होती. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीची तयारी सुरू असताना यादीत परकीयांची नावे असल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि त्यातून आसाम आंदोलन उभे राहिले. परकीय नागरिक कायदा, १९४६च्या कलम ९ नुसार आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच असे. आसामसाठी १९८३ मध्ये केलेल्या वेगळ्या कायद्याने ती तिच्यावरून काढून घेतली होती. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केला आणि भार पुन्हा व्यक्तीवर आला. दरम्यान १९९७ मध्ये आसामच्या यादीत अनेकांच्या नावापुढे ‘संशयास्पद’ या अर्थाचे ‘डी’ हे अक्षर लागले आणि परकीय नागरिकत्वाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत त्यांचे मतदान थांबले.

या प्रवाहाला उलट दिशा देणारा निकाल मुंबई आणि दिल्लीतील वस्त्यांमुळे आला, पण महाराष्ट्रात त्याची आठवण फारशी काढली जात नाही. या दोन शहरांतील काही भागांत पोलिसांच्या चौकशीवर विसंबून मतदारांना परकीय असल्याच्या संशयावरून नोटिसा देण्यात आल्या आणि जन्मदाखला, पारपत्र, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र अशी मोजकीच कागदपत्रे मागण्यात आली. फेब्रुवारी १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्याची पडताळणी तेव्हा रीतसर झाली असे गृहीत धरले पाहिजे, संशयाचा आधार त्याला कळला पाहिजे आणि त्याने दिलेला पुरावा मोकळ्या मनाने तपासला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. माझ्या मते या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निकाल हाच.

२४ जून २०२५ रोजी बिहारसाठी जाहीर झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणावरील, म्हणजे मतदारयादीच्या नव्याने तपासणीवरील, वाद या निकालाच्या प्रकाशात पाहावा लागतो. २००३च्या यादीत नाव असलेल्यांना त्या यादीचा उतारा पुरेसा होता. त्यानंतर नोंदलेल्यांना मात्र, ते मधल्या निवडणुकांत मतदान करत आलेले असले तरी, जन्मकाळानुसार स्वतःची आणि काहींना आईवडिलांचीही कागदपत्रे द्यावी लागणार होती. केंद्रीय निवडणूक आयोगाचे म्हणणे असे की मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे काढणे हे त्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, आणि ते चुकीचे नाही. तथापि ७ कोटी ८९ लाखांच्या यादीतून प्रारूपात सुमारे ६५ लाख नावे गेली तेव्हा ती कोणाची आणि कोणत्या कारणाने गेली, हे जाहीर करण्यासाठी १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ८ सप्टेंबरला आधारही ओळखीच्या कागदपत्रांत घेण्यास न्यायालयाने सांगितले. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे ७ कोटी ४२ लाख नावे होती. ऑक्टोबरच्या अखेरीस ही प्रक्रिया गोव्यासह १२ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झाली.

महाराष्ट्रातील आरोपांत भार दुसऱ्या बाजूला आहे. २०२४च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांदरम्यान सुमारे ४० लाख मतदार वाढले, याकडे राहुल गांधी आणि इतर विरोधी नेत्यांनी बोट दाखवले. आयोगाने आरोप फेटाळले. वाढ झाली एवढ्यावरून गैरप्रकार सिद्ध होत नाही, हे खरेच. पण तो तपासण्याची साधने आरोप करणाऱ्याच्या हाती नाहीत. यंत्रावर शोधता येईल अशा स्वरूपात यादी मिळावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच अमान्य केली होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलून मतदान केंद्रांवरील चित्रीकरणासारख्या नोंदी सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत विरोधी पक्षांचा मोर्चा निघाल्यानंतर राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या याद्यांत दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन तारे छापण्याचे ठरवले. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार हे आधी कळवायचे, आणि कळवले नसेल तर अन्यत्र मतदान केले नसल्याचे हमीपत्र केंद्रावर लिहून द्यायचे. नाव दोनदा छापले जाण्यात दोष यादी करणाऱ्यांचा असला, तरी हमीपत्र मतदाराचेच घेतले जाणार होते.