मांदेली

मांदेली (शास्त्रीय नाव : कॉइलिया दुसुमिएरी) ही थव्याने राहणारी, सोनेरी झाक असलेली छोटी समुद्री मासळी. फ्रेंच प्रवासी दुसुमिए याच्या नावावरून व्हॅलेन्सिएन यांनी 1848 मध्ये तिचे वर्णन केले. लांबी बहुधा वीतभरही नसते.

ताजी मांदेली तळहातावर उताणी धरून पाहावी. पोटाच्या कडेने सोनेरी, मोत्यासारख्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात. ही तिची प्रकाश देणारी इंद्रिये. छातीच्या परांतून प्रत्येक बाजूला सहा लांब, सुटे तंतू निघतात. शरीर मागे सुरीच्या पात्यासारखे निमुळते होत जाते आणि पोटाखालचा लांबलचक पर थेट शेपटीला जाऊन मिळतो.

मांदेली ही गढूळ पाण्याची मासळी आहे. नर्मदा-तापीसारख्या नद्यांचा गाळ, खाड्यांची मुखे आणि भरती-ओहोटीची जबरदस्त ओढ यांमुळे गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राचा उथळ किनारा तिला मानवतो. सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा या बंदरांवर ती मुबलक उतरते. दक्षिण कोकणात मात्र तारली आणि बांगड्याचे राज्य. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागातही, तशाच गाळाच्या पाण्यात, ती पुन्हा भरपूर मिळते.

तिचे मुख्य खाद्य जवळा (कोळंबीसारखा बारीक जीव) आणि त्याहून बारीक प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. तिला बोंबील खातो. त्यामुळे कोळ्यांच्या डोल जाळ्यात जवळा, मांदेली आणि बोंबील एकत्रच येतात. एका जाळ्यात अख्खी अन्नसाखळी! डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी रोवलेले पिशवीसारखे जाळे. ते मासळीच्या मागे धावत नाही, पाणीच मासळी आणून देते. म्हणून उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) जाळे भरते, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला) रिकामे राहते.

मांदेलीचे आयुष्य थोडे, पण वीण वर्षातले बरेच महिने चालते. तिला स्वस्त, किरकोळ मासळी म्हणून हिणवणे चूक आहे. तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळली की ती काट्यासकट खाता येते, आणि उन्हात वाळवलेली पावसाळ्यात घराला पुरते. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात किनाऱ्यावरच्या घरांना या सुक्या मासळीचा मोठा आधार असतो. काळजी आहे ती डोल जाळ्याच्या शेवटच्या भागाची, खोल्याची. त्याची आस (विणीतले भोक) इतकी बारीक असते की बोटाएवढी पिल्लेही त्यातून सुटत नाहीत.