दोन्ही मांड्यांची हाडे मोडल्यावर शस्त्रक्रिया केव्हा?

घोडबंदर रस्त्यावर किंवा शीव-पनवेल महामार्गावर दुचाकीचा मोठा अपघात होतो, दोन्ही मांड्यांची हाडे मोडतात आणि अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणारे नातेवाईक विचारतात, ‘अजून ऑपरेशन का केले नाही?’ हा उशीर म्हणजे हलगर्जीपणाच, असा समज सर्रास आढळतो. म्हणून त्यामागचे शरीरशास्त्र सांगणे मला अगत्याचे वाटते.

मांडीचे एक हाड मोडले की बाहेर थेंबही न सांडता एक ते दीड लिटर रक्त स्नायूंतच साठू शकते. प्रौढाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते, तेव्हा दोन्ही बाजूंचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. रक्त कमी पडले की पेशींना प्राणवायू पुरत नाही. एरवी ग्लुकोजपासून बनलेले पायरुव्हेट तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, पूर्ण जळते आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे सुमारे ३० रेणू मिळतात. प्राणवायूविना केवळ २ मिळतात, आणि तेही पायरुव्हेटचे लॅक्टेट झाले तरच, कारण त्या अभिक्रियेतच एनएडी हा सहाय्यक रेणू पुन्हा मोकळा होतो व ग्लुकोजचे विघटन चालू राहते. तरुण माणसाच्या रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब बराच वेळ सावरून धरतात, पण रक्तातले लॅक्टेट पेशींची उपासमार उघड करते, आणि म्हणूनच ही साधी तपासणी मला विलक्षण वाटते. ते सामान्यतः लिटरमागे २ मिलिमोलच्या आत असते. रक्त व द्रव देऊनही ४ च्या वर राहिले, तर मोठी शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात.

मोडलेले हाड जोडण्यासाठी त्याच्या पोकळीत धातूचा रॉड ठोकताना तिथला दाब वाढतो आणि अस्थिमज्जेतील चरबीचे कण शिरांवाटे फुप्फुसांत पोहोचतात. दोन रॉड म्हणजे हा आघात दोनदा, आणि तोही आधीच थकलेल्या शरीरावर.

मात्र थांबणे हा काही नियम नव्हे. प्रकृती स्थिर असेल, तर लांब हाडे २४ तासांत बसवलेल्या रुग्णांना फुप्फुसांचा त्रास कमी होतो, असे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. उघडी जखम किंवा तुटलेली धमनी तर थांबूच देत नाही. अशा वेळी अमावास्या टळू द्या असा आग्रह धरणे पायावर आणि कधी जिवावरही बेतू शकते.

प्रकृती नाजूक असेल, तर त्वचेबाहेरून पिना व सळ्यांची चौकट बसवून हाडे तात्पुरती स्थिर करतात. इजेमुळे उठलेला दाह भरात असतो ते अपघातानंतरचे दुसरा ते चौथा हे दिवस टाळून रॉड बहुधा पाचव्या दिवसानंतर घातले जातात, पण शक्यतो दोन आठवड्यांच्या आत, कारण त्यानंतर पिनांच्या छिद्रांतून शिरलेला जंतुसंसर्ग रॉडपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो.