पीक सरकला, म्हणून मिसळलं?

औषध आणि पॉलिमर यांच्या मिश्रणावरचा कुठलाही प्रबंध उघडा, एक वाक्य हमखास भेटतं: 'एफटीआयआरमध्ये कार्बोनिलचा पीक सरकला, सबब दोन्ही घटक एकजीव झाले.' (एफटीआयआर म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने रेणूंतले बंध तपासणं; कार्बोनिल म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध; पीक म्हणजे आलेखावरची त्याची खूण.) त्या 'सबब'वर लाल पेन फिरवून माझा हात दुखायला लागलाय.

पीक सरकवतो तो हायड्रोजन बंध, म्हणजे ओएच किंवा एनएचमधल्या हायड्रोजनने शेजारच्या ऑक्सिजन-नायट्रोजनला धरणं. तो बारावीत झालाय, सोडू. मिश्रणीयता म्हणजे रेणूंच्या पातळीवर एकच प्रावस्था, वेगळे थर किंवा ठिपके नाहीत. विद्राव्यता वेगळी: तिथे औषधाचा स्फटिक मोडण्याचा खर्चही धरायचा. झालं.

खरी गोम अशी की नवे बंध किती जुळले एवढंच मोजून चालत नाही, त्यासाठी जुने कोणते मोडले तेही पाहावं लागतं. अंगातला सुती सदरा घ्या. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज-घटकावर तीन ओएच. पाण्याशी बंध होतात, कापड भिजतं, फुगतं. पण वर्षानुवर्षं धुऊनही सदरा विरघळत नाही, कारण साखळ्यांची आपापसातली पकड सुटत नाही. उलट वायरीवरचं मऊ पीव्हीसी. त्याला मऊ करणाऱ्या डायऑक्टिल थॅलेटकडे ना ओएच, ना एनएच, तरी ते पीव्हीसीत मस्त मुरतं. लहान रेणू असल्याने एन्ट्रॉपी, म्हणजे विखरून मिसळण्याची ओढ, त्याच्या बाजूने असते. दोन पॉलिमर मिसळताना ही सवलत जवळपास नसतेच.

मग गोंधळ येतो कुठून? माझ्या मते इंडोमेथासिन हे औषध आणि पीव्हीपी हा पॉलिमर या लाडक्या उदाहरणातून. स्फटिकरहित इंडोमेथासिनचे बरेच रेणू कार्बॉक्सिलिक गटांनी जोड्या करून असतात. पीव्हीपी आलं की जोड्या फुटतात आणि तो ओएच पीव्हीपीच्या अमाइड कार्बोनिलला धरतो. इथे बंधही आहे, मिश्रणीयताही आहे. म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. केटोकोनाझोल या दुसऱ्या औषधाकडे तर ओएच किंवा एनएचचा हायड्रोजनच नाही, तरी ते पीव्हीपीत मिसळतं.

शिवाय एफटीआयआरला फक्त शेजारी दिसतो, मोहल्ला दिसत नाही. निम्मं औषध वेगळं होऊन बसलं असलं तरी उरलेल्याचा पॉलिमरशी जुळलेला बंध पीक सरकवतोच.

डीएससी करा, म्हणजे नमुना तापवत त्याची उष्णता मोजा, आणि एकच टीजी (काचेसारखा कडक पदार्थ मऊ पडतो ते तापमान) येतो का बघा. दोन घटकांचे टीजी मुळात जवळजवळ असतील तर तोही पुरावा नाही, आणि साधारण 20-30 नॅनोमीटरहून लहान ठिपके डीएससीला दिसत नाहीत. तिथे घन-अवस्था एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकं तपासणारं तंत्र, लागतं. आणि नमुना आधी वाळवा हो! पीव्हीपी हवेतलं पाणी पितं, आणि ते पाणीसुद्धा कार्बोनिलचा पीक सरकवतं.