रंगमंचीय प्रकाशयोजना आणि प्रेक्षकाची भावावस्था

दिव्याची दिशा, तीव्रता, रंग आणि बदलाचा वेग यांतून प्रेक्षकाची मनःस्थिती घडवणारे नाट्यतंत्र. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख हे समीकरण फार ढोबळ आहे. परिणाम होतो तो आधीच्या प्रकाशाशी असलेल्या फरकाचा.

मेणबत्त्या आणि गॅसच्या दिव्यांच्या काळात प्रेक्षागृहही बहुधा उजळलेलेच असे. १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइटला, संगीतकार वाग्नरच्या ऑपेरागृहात, ते अंधारात ठेवले गेले. १८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात विजेचे दिवे आले. सगळीकडे सारखा पसरलेला उजेड सोडून सावल्या पाडणारा, संगीतासारखा बदलता प्रकाश हवा, असा आग्रह स्विस रंगकर्मी अडॉल्फ आपिया याने धरला.

दिशेचा परिणाम सर्वांत थेट. नटाच्या समोर डाव्या-उजव्या बाजूंना, सुमारे ४५ अंश उंचीवरून दोन स्पॉट टाकले की चेहरा वाचता येतो. त्यांतला एक उबदार आणि दुसरा थंड छटेचा ठेवण्याची पद्धत अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅनली मॅककॅन्डलेस याने रूढ केली. दिवा थेट डोक्यावर नेला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. माणूस एकाकी किंवा कठोर वाटतो. खालून आलेला उजेड ओळखीचा चेहराही भेसूर करतो. पाठीमागचा दिवा नटाला पडद्यापासून सुटा करतो, पण एकटा असेल तर भाव दिसत नाहीत.

अंधारी दृश्ये फसतात ती चेहरा न दिसल्यामुळे. लख्ख प्रवेशानंतर दिवे एकदम २० टक्क्यांवर आणले तर डोळे सरावेपर्यंत रंगमंच काळाच दिसतो आणि पहिली वाक्ये वाया जातात. फेड, म्हणजे उजेडाचा हळूहळू होणारा बदल, आठ-दहा सेकंदांचा ठेवून संवाद त्यानंतर सुरू करावा. चेहरा बराच वेळ दिसला नाही तर ‘ऐकू येत नाही’ अशी तक्रार येते. आवाज वाढवण्याआधी समोरचा दिवा थोडा वाढवून पाहावा.

काही मिनिटे रेंगाळणारा फेड सहसा लक्षात येत नाही, फक्त मन जड होत जाते. विनोदी प्रवेशाला मात्र झटक्यात ब्लॅकआउट, म्हणजे पूर्ण अंधार, लागतो. तो शेवटच्या शब्दाआधी पडला तर हशा गेलाच!

रंगात त्वचा आणि कपडे आधी तपासावेत. हिरव्या उजेडात नट आजारी दिसतो, गडद निळ्यात लाल वस्त्र काळपट होते. हॅलोजन दिवा पूर्ण क्षमतेवर साधारण ३२०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाची छटा मोजण्याचे एकक) असतो. मंद करताच तो तांबूस होतो, म्हणून निळ्या जिलेटिनमागे (दिव्यापुढे लावायच्या पारदर्शक रंगीत कागदामागे) तो ३० टक्क्यांवर चालवला की चांदणे मळकट दिसते. दिवा जास्त तीव्रतेवर ठेवावा. साधा पांढरा एलईडी मंद होताना तांबूस होत नाही, पण स्वस्त दिव्यात शेवटचे पाच टक्के गचके देत विझतात आणि मृत्यूच्या प्रवेशात तेवढ्यानेच रसभंग होतो. अशा वेळी शेवटचा फेड हॅलोजनवर सोपवून एलईडी आधीच बंद करतात.