आधी स्थिरीकरण की थेट आठवणीवर काम? एका वादाची पार्श्वभूमी

पीटीएसडीला, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या तणावविकाराला, १९८० साली अमेरिकी निदानसूचीत जागा मिळाली आणि त्यानंतरच्या दशकात आठवणीला सामोरं नेणारे उपचार आकाराला आले. वाद सुरू झाला तो पुढे. १९९२मध्ये तीन टप्प्यांची मांडणी पुढे आली: आधी सुरक्षितता (म्हणजेच स्थिरीकरण), मग आठवणींवर काम, शेवटी रोजच्या जगण्याशी पुन्हा सांधा. मांडणी माणुसकीची होती. पण २०१२च्या तज्ज्ञ-शिफारशींनी गुंतागुंतीच्या (दीर्घकाळ किंवा पुन्हापुन्हा झालेल्या आघातांनंतरच्या) पीटीएसडीसाठी ती जवळपास नियमच करून टाकली आणि त्या शिफारशींचा मोठा आधार होता तज्ज्ञांची मतं. २०१६मध्ये यावर उघड आक्षेप आला. २०२१मध्ये नेदरलँड्समध्ये बालपणी अत्याचार सोसलेल्या १४९ जणांवर चाचणी झाली. आधी भावना-नियमनाची कौशल्यं शिकवल्यानं शेवटचा निकाल सरस ठरला नाही.

दरम्यान २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारसूचीत गुंतागुंतीचा पीटीएसडी हे वेगळं निदान आलं. ते ठरवतं लक्षणं. उपचाराचा क्रम ठरवत नाही. शिकाऊ मानसतज्ज्ञांची गफलत नेमकी इथे होते. निदान दिसलं की श्वसनाचे व्यायाम आणि ‘सुरक्षित जागा’ यांतच महिने जातात. रुग्णाला कळतं ते एवढंच, की आपली आठवण डॉक्टरांनाही पेलवत नाही.

प्रदीर्घ एक्स्पोजर या आठवणीला थेट सामोरं नेणाऱ्या उपचारात ८ ते १५ सत्रं असतात, प्रत्येक साधारण ९० मिनिटांचं. पहिल्या दोन सत्रांत माहिती, श्वसन आणि टाळलेल्या गोष्टींची उतरंड, तिसऱ्यापासून आठवण सांगणं. डोळे मिटून, वर्तमानकाळात, ३० ते ४५ मिनिटं. दर पाच मिनिटांनी त्रासाचा आकडा विचारायचा, ० ते १००. ‘तो आत आला’ असं रुग्ण पंचनाम्यासारखं सांगू लागला, तर हळूच ‘तो आत येतोय’वर आणायचं. आकडा ९०वर गेला की घाबरून श्वसनाकडे वळणं ही सर्वात महागडी चूक, कारण टाळण्याची सवय तिथेच पक्की होते. दुसरी चूक म्हणजे शेवटची १५-२० मिनिटं बोलण्यासाठी न राखणं.

थांबायची कारणं खरी आहेत, पण मोजकी: आत्महत्येचा तातडीचा धोका, आटोक्यात नसलेला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), घरात अजून चालू असलेली मारहाण. समोर लैंगिक अत्याचार झालेलं मूल असेल, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक असतं. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन पहिल्या भेटीतही द्यायचं नाही.

सत्राचं रेकॉर्डिंग रोज ऐकणं हा गृहपाठ. दोन खोल्यांच्या घरात तो कुठे, किती वाजता आणि कुणाच्या हेडफोनवर होणार, हे सत्रातच ठरवावं लागतं.